प्राचार्यांची खुर्ची

आमच्या सरकारी कॉलेजात प्राचार्यांची जागा रिकामी झाली, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना वरून सांगण्यात आलं, "नवीन माणूस येईपर्यंत तेवढं सांभाळून घ्या." त्या 'येईपर्यंत'मध्ये मॅडमचे केस पांढरे झाले आणि त्यांनी शिकवलेली पोरं त्यांच्याच शेजारच्या वर्गात शिकवायला लागली. मॅडम मात्र प्रभारी त्या प्रभारीच! स्वभाव असा काटेकोर, की प्राचार्यांच्या गुबगुबीत खुर्चीला त्यांनी एकदाही पाठ टेकली नाही. शेजारी लाकडी खुर्ची टाकून तिथूनच सगळा कारभार हाकला. मोठी खुर्ची बळकावली ती मनीने, कॉलेजच्या मांजरीने. तिला कोणी हटकलंच नाही, त्यामुळे तिची बाळंतपणंही तिथेच झाली.

परवा एकदाचा आदेश आला. मॅडमच कायम प्राचार्य! निवृत्ती तोंडावर आलेली, पण आम्हाला कोण आनंद. फुलं घेऊन अख्खा स्टाफ केबिनमध्ये घुसला.

"मॅडम, आता तरी हक्काच्या खुर्चीत बसा," हेडक्लार्क म्हणाले. "फोटो काढायचाय."

मॅडमनी चष्मा सारखा केला, मोठ्या खुर्चीपाशी गेल्या आणि थबकल्या. खुर्चीत मनी गाढ झोपली होती. शिपाईमामा तिला उचलायला पुढे सरसावले, तसं मॅडमनी त्यांना हातानेच थांबवलं आणि गुपचूप आपल्या लाकडी खुर्चीत जाऊन बसल्या.



"झोपू दे हो तिला. ती उठेपर्यंत मी प्रभारी."