गटातला एकटा

"पुन्हा चालवून बघ," योरिनचा सहकारी बास म्हणाला.

तिने प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघितला. उत्तर तेच आलं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात ती इंटरनेटवरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा अभ्यास करत होती. कोण कुणाचं ऐकतं, कोण कुणाला दाद देतं, हे तिचा प्रोग्रॅम गोळा करायचा आणि पडद्यावर ठिपक्यांचं जाळं मांडायचा. त्यातल्या एका गटावर तिचा जीव जडला होता. तीनेकशे संगीतकार, सगळे टोपणनावांचे. संथ, धुकट सुरावटी करायचे. कुणाच्या घरी दुःख झालं, तर बाकीचे त्याच्यासाठी धून करून पाठवायचे.

प्रबंध छापण्याआधी बनावट खाती गाळायची म्हणून तिने चाळणी लावली, आणि अख्खा गट गळून गेला. यंत्रंच धुना रचत होती, यंत्रंच वाहवा करत होती. मागे उरला एक ठिपका. टोपणनाव 'ओहोटी'.

"म्हणजे हा बिचारा इतकी वर्षं भिंतींशी गप्पा मारतोय," बास म्हणाला. "सांगू नकोस बाई त्याला."

"आणि उद्या त्याने पेपरात वाचलं तर?"

तिने 'ओहोटी'ला निरोप पाठवला. त्याने पत्ता कळवला, आणि शनिवारी ती हार्लिंगेन या बंदरगावी गेली. सीब्रन डाइकस्ट्रा. सत्तरीचा, फेरीबोटीवरचा निवृत्त मेकॅनिक. त्याने कॉफी दिली, डब्यातलं एक बिस्किट दिलं, डबा बंद केला.

खिडकीपाशी कीबोर्ड होता, शेजारी माइक लावलेला संगणक. त्याने दोन-चार सूर वाजवले. लगेच पडद्यावर दाद उमटू लागली, ओळीमागून ओळ.

"बघ, कशी तुटून पडतात," तो हसला. "माझी बायको हिल्या गेली ना, तेव्हा महिनाभर रोज कुणी ना कुणी तिच्यासाठी धून करायचं. सख्खा भाऊ एकदा फोन करून मोकळा झाला."

योरिनने बिस्किट बशीत ठेवलं.

"मिस्टर डाइकस्ट्रा, कसं सांगू तुम्हाला... त्यांच्यात माणूस कुणीच नाही. सगळी यंत्रं आहेत. मी तीनदा तपासलं. खरंच वाईट वाटतंय मला."

पडद्यावरच्या ओळी थांबल्या.

योरिनने सीब्रनचा हात धरायला हात पुढे केला, पण त्याआधीच तो उठला होता. संगणकाचा माइक त्याने तळव्याने झाकला, मग त्याची वायरच उपटली. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. रंग मात्र पार उडाला होता.

पडद्यावर एकच ओळ आली: 'ओहोटी, तुझ्याकडे कोण आलंय?'

"पोरी, हळू बोल," तो कुजबुजला. "ती कोण आहेत ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तू फक्त एवढं कर, छापताना मलाही त्यांच्यातच घाल, यंत्रांत."

"पण का?"

दुसरी ओळ उमटली. मग तिसरी. मग भराभर, सगळ्यांच्या.

"त्यांना अजून कळलेलं नाही," सीब्रन म्हणाला, "मी माणूस आहे ते."