वजनाला माणसं

मंगळावरच्या काचघुमटात पहिली नांगरणी होती, आणि रेवतीचा ट्रॅक्टर दर दोन पावलांना नांगर वर उचलत होता. माती जड लागली की नांगर आपोआप थोडा उचलायचा, म्हणजे चाकं जागीच फिरत नाहीत, ही त्याची पृथ्वीवरची शहाणी सवय. पण इथे ट्रॅक्टरचं वजनच तिसऱ्या हिश्श्यावर आलं होतं. चाकांना पकड मिळेना, आणि जमिनीवर नुसते ओरखडे उठत होते. तिकडे भिजवलेल्या हरभऱ्याला मोड फुटायला लागले होते. आज पेरला नाही तर बियाणं वाया जाणार होतं.

"ती नांगर उचलायची सोय बंदच करून टाका, वहिनी," दीर भैरू म्हणाला.

तिने केली. नांगर खोल रुतला, चाकं गरगर फिरली आणि ट्रॅक्टर जागचा हलेना. रेवतीने कपाळावर हात मारला.

कडेला बसलेल्या तिच्या चुलतसासू, अक्का, उठल्या. "अगं, लहानपणी आम्ही कुळवावर वजनाला बसायचो. दगड आणायला सूट घालून बाहेर जावं लागेल. माणसं तर इथेच आहेत की!" पदर खोचून त्या मागच्या चाकावरच्या मडगार्डवर चढल्यासुद्धा.

पाठोपाठ सगळी वस्ती चढली. रेवतीने ती सोय पुन्हा चालू केली. नांगर मातीत गेला, जरासा वर आला, पुन्हा खाली गेला आणि तिथेच टिकला. तांबडी ढेकळं उलटत गेली. नांगराचं तास टोकाला पोचल्यावर रेवतीने उतरून त्यात हात घातला, तो मनगटाच्याही वर बुडाला.

"जमलं!" ती ओरडली. "आता कोणीतरी बियाणं आणा!"

पण ट्रॅक्टरवरची मजेची सवारी सोडून खाली उतरायला कोणीच तयार होईना.