आयोनीचं बोट

आयोनीने पुन्हा बोट वर केलं आणि पुन्हा युस्टस पेटीमागे वाकला.

लिन्वलने दोन्ही पाहिलं. हात मात्र पेटीवरून उचलला नाही. अख्ख्या किंग्स्टनमध्ये त्याच्या या प्रतिध्वनीच्या पेटीचं नाव होतं. समोर तीन बटणं. एक पिळलं की तबकडीवरच्या गायकाचा शब्द परत यायचा, दुसरं पिळलं की येतच राहायचा, तिसऱ्याने त्याला धार चढायची. चौथं मागच्या बाजूला होतं, पण ते कोण बघतो! मागे युस्टस बसायचा, पेटीतले काचेचे व्हॉल्व्ह नीट तापलेत का बघायला. त्याचं काम तेवढंच.

नाच संपल्यावर लिन्वलने नेहमीसारखी समोरची बटणं उपटून खिशात टाकली. ती कुठवर पिळली होती, हे दुसऱ्या साउंडवाल्याच्या बापालाही कळता कामा नये.

“ती तुला काय खुणावते रे?”

“कोण, बॉस?”

“माझी बायको.”

युस्टसने वायर गुंडाळायला घेतली. “व्हॉल्व्ह तापले का, असं विचारत असेल.”

“पन्नास पावलांवरून?”

घरी त्याने आयोनीलाही विचारलं. ती भाताचं पातेलं उतरवत होती. तिकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली.

“काय?”

“माशी म्हटलं! माशी हाकलत असेन.”

एकाचे व्हॉल्व्ह आणि एकीची माशी.

“हल्ली माझ्याशी तोंडातल्या तोंडात बोलतेस. त्याच्याशी बरी खुलून बोलतेस!”

तिचे डोळे भरून आले. चोराच्या डोळ्यांत पाणी लवकर येतं, असं त्याला वाटलं. एकोणीस वर्षांचा संसार, आणि हातातून चालला होता तो कुणाच्या, तर एका व्हॉल्व्ह पुसणाऱ्याच्या पायी.

पुढच्या रविवारी दुपारी त्याने युस्टसला फाटकावर उभं केलं.

“पेटीमागे कोणीतरी बसायला हवं बॉस. ऐक माझं.”

“कोणी नको. जा.”

पत्र्याच्या कुंपणाआड मैदान गच्च भरलं होतं. लिन्वलने तबकडी लावली, शब्द परत आणला, येत ठेवला, धार चढवली. आज सगळा आवाज एकट्याचा! पेटी इतकी गोड कधी वाजलीच नव्हती.

आल्याच्या सरबताच्या टेबलापाशी आयोनीने बोट वर केलं. पेटीमागची रिकामी खुर्ची दिसली तसा तिचा चेहरा पडला. शोध म्हणावं आता, लिन्वल मनात म्हणाला, आणि दुसरं बटण आणखी पिळलं.

तिने दोन्ही हात हलवले. नाचणारी जोडपी थांबली. डॉमिनो खेळणारे म्हातारे कानांवर हात दाबून उठले. युस्टसने लोकांना फितवलेलं दिसतंय! चिडून लिन्वलने बटण शेवटापर्यंत नेलं.

आयोनी धावत आली. त्याची कॉलर धरून तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“त्याला का घालवलंस? मी खूण केली की तो मागचं बटण पिळायचा ना! दोन वर्षं तुझी अब्रू झाकतोय आम्ही. बंद कर आधी ती शिट्टी!”

लिन्वलने पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“कुठली शिट्टी?”