मशीनला हार

खंडेनवमीला ठाण्यातल्या आमच्या लॅबमध्ये मशीनची पूजा असते. मी हार उचलला, तेवढ्यात करंदीकर सर म्हणाले, "रचना, तू राहू दे. तू डुकराची आतडी चिवडतेस. आसावरी घालेल हार."

ती आतडी आणायला कळव्याच्या खाटकाकडे सर मलाच पाठवतात. "तुम्हा लोकांना सवय असते गं," म्हणतात. आमच्या घरात अंडंही शिजत नाही.

आसावरीने हार घातला. सरांनी डोळे मिटून हात जोडले.

"सर, त्या आतड्यांच्या अस्तरातल्या प्रतिकारक पेशी डिवचल्या की किती खवळतात, हे याच मशीनवर मोजतो ना आपण? डुकराशिवाय दुसरं काहीच कधी यात गेलेलं नाही," मी म्हटलं. "जरा नीट वाकून करा नमस्कार."