निवाडा

मुलाला पुरून आठवडा झाला आणि वेदीवरच्या कापडांना इस्त्री करणाऱ्या मावशी पुन्हा चर्चमध्ये कामाला आल्या. घडी घालता घालता त्यांनी विचारलं, “फादर, नरक खरंच आहे?”

“आहे, मावशी. तशी आपली श्रद्धा आहे.”

“मग माझा पोरगा तिथंच गेला असेल? पिऊन गाडी चालवली त्यानं. प्रार्थनेला तर दहा वर्षांत फिरकला नव्हता.”

फादर त्यांच्याशेजारी बाकावर बसले. “हे बघा, अमका स्वर्गात आहे, असं चर्च जाहीर करतं. त्यालाच आपण संत म्हणतो. पण अमका नरकात गेला, असं चर्चनं आजवर कुणाबद्दलही म्हटलेलं नाही. तो निवाडा देवाचा. खुद्द पोपनाही तो अधिकार नाही.”

एवढं ऐकून मावशींना धीर येईल, असं फादरना वाटलं होतं. पण इस्त्री केलेल्या कापडात तोंड खुपसून त्या ढसाढसा रडायला लागल्या.

“पोपसाहेबांनाही नाही? आणि मी, सख्खी आई, त्या दिवशी दारात उभी राहून ओरडले, ‘तू नरकातच जाणार!’ माझ्या तोंडचं शेवटचं तेवढंच ऐकून गेला हो तो.”