बदलीचा अर्ज

अकोल्यात आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, तेव्हापासून दामिनी तिथल्या शाखेत बदली मागत होती. पण बुटीबोरीच्या कारखान्याचं वीस वर्षांचं जुनं सॉफ्टवेअर एकट्या तिलाच कळायचं, म्हणून अर्ज तीनदा परत आला. "नवीन सिस्टीम येऊ द्या मॅडम, मग तुम्हाले कोण अडवते?" शरच्चंद्र साहेब दर वेळी म्हणायचे.

एकही रजा न घेता तिने आठ महिन्यांत सहा कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. आज निवड झाली.

"कधी येशीन वं माय?" सकाळी फोनवर आईने अडखळत विचारलं होतं.

"याच महिन्यात, आई."

दुपारी साहेबांनी मंजूर आराखडा पडद्यावर लावला. "जुनं बंद करायची रिस्क कोण घेईन? नवीन सिस्टीम त्याच्यावरच बसवून राहिलो आपण. आता दहा वर्षं टेन्शन नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दामिनी आराखडा वाचत होती. प्रत्येक चौकटीत एकेका यंत्रणेचं नाव होतं.



सगळे बाण जिथे येऊन मिळत होते, त्या मधल्या चौकटीत लिहिलं होतं : दामिनी मॅडम.