फळ्यांमधली फट

दिल्लीच्या रायडिंग क्लबातला बादल हा घोडा लाकूड चावायचा. तबेल्याचे प्रमुख श्यामकांत, जुने फौजी, ती खोड मोडायला त्याच्या गळ्यात आवळायचा पट्टा घेऊनच उभे होते. “मिरचीसुद्धा फासून पाहिली, डॉक्टर. बिल्कुल ऐकत नाही.” नव्या डॉक्टर सुनीती मात्र लाकूडच न्याहाळत राहिल्या. दार शाबूत, गव्हाण शाबूत. कुरतडली होती ती फक्त शेजारच्या घोडीकडची भिंत, तीही फळ्यांमधल्या एकाच फटीपाशी. “या फळ्या कधीच्या?” “दिवाळीत मीच ठोकल्या. आधी इथून दोघं एकमेकांना दिसायचे. ही शेजारची राणी दार चावायची. तिचं बघून हाही शिकला असता.” “आणि हा कधीपासून चावतोय?” श्यामकांतनी फळ्यांकडे पाहिलं. “दिवाळीनंतर.” सुनीती पलीकडे गेल्या. राणीच्या बाजूनंही दातांच्या खुणा होत्या, त्याच फटीपाशी. त्यांनी तिथे बोट घातलं. ते आरपार गेलं आणि पलीकडून बादलनं हुंगलं. श्यामकांतनी पट्टा खुंटीला अडकवला आणि खिळे उपटायला पक्कड मागितली.